बायबल कॉलेजची पदवी कुठे चालते आणि कुठे नाही

सलाम दादा. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाचा बारावी झालाय, पाळक व्हायचं म्हणतोय, पुण्याजवळचं एक बायबल कॉलेज त्याला बी.टीएच.ला, म्हणजे थिऑलॉजीच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) पदवीला घ्यायला तयार आहे. त्यांच्या माहितीपत्रकावर 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' आणि 'इंटरनॅशनली ॲक्रेडिटेड' असं सोनेरी अक्षरात छापलंय. त्याच्या आईला धास्ती आहे की उद्या पोरगं या सेवेत टिकलं नाही तर ही डिग्री कुठेच चालायची नाही, आणि सीट धरायला १०,००० रुपये आधीच भरून झालेत. तर ही मान्यता खरी का खोटी, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात एका सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसात २२ वर्षं काढली आणि त्यातली शेवटची काही वर्षं दुसऱ्या कॉलेजांची तपासणी करायला जाणाऱ्या टीममध्येही असायचो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. खरी का खोटी याचं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. मान्यता ही किल्लीसारखी असते, कोणती किल्ली कोणत्या दाराची ते बघावं लागतं, आणि भाच्याला कोणती दारं उघडायचीत ते आधी ठरवावं लागतं.

घोळ इथूनच सुरू होतो की मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच 'मान्यता' म्हणतो. पहिली म्हणजे रजिस्ट्रेशन. माहितीपत्रकावरचं 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' वाचून लोकांना वाटतं सरकारने कॉलेज पास केलं. तसं काही नसतं हो. एखादा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदला, किंवा १८६० च्या सोसायटी कायद्याखाली संस्था नोंदली, की तो 'रजिस्टर्ड' झाला, बस. आपल्या गल्लीतलं गणेश मंडळ पण रजिस्टर्ड असतं आणि ते बी.टीएच. देत नाही. तसंच ते 'आयएसओ ९००१' लिहितात, ते ऑफिसच्या कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, कारखान्यालाही मिळतं आणि हॉस्पिटललाही मिळतं, वर्गात काय शिकवलं जातं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट संलग्नता, म्हणजे ॲफिलिएशन. मॉडर्न कॉलेजात शिकलेल्या पोराच्या हातातली पदवी पुणे विद्यापीठाची असते, कॉलेजची नसते. तसंच इथे, कॉलेज शिकवतं पण पदवी दुसऱ्याच मोठ्या संस्थेची असते. तिसरी म्हणजे ॲक्रेडिटेशन. त्यात पदवी कॉलेज स्वतःच्याच नावाने देतं, आणि बाहेरची एक संस्था येऊन तपासून सांगते की यांचं काम अमुक एका पातळीचं आहे. आपल्या कॉलेजांची तपासणी करणारं नॅक काय करतं? पदवी देत नाही, ग्रेड देऊन जातं, तसं.

आता कायदा. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याचा ॲक्ट १९५६ चा, त्याचं कलम २२ म्हणतं की पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या, राज्याच्या किंवा पूर्वीच्या प्रांतिक कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, किंवा अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने खास कायदा करून ज्याला दिलाय त्याला. बाकी कुणाला नाही. कलम २३ 'विद्यापीठ' हा शब्द कुणीही उठून लावू नये म्हणून आहे. आणि हे मोडलं तर कलम २४ प्रमाणे दंड किती? १,००० रुपयांपर्यंत. हो, एक हजार, १९५६ मध्ये ती मोठी रक्कम असेल, आज पुण्यात गाडी चुकीच्या जागी लावून टो झाली तर जवळपास तेवढेच जातात. त्यामुळे कायदा आहे म्हणून सगळे घाबरून असतील असं समजू नका. डिप्लोमा आणि सर्टिफिकेटला हे कलम लागत नाही, म्हणून सावध कॉलेजं 'डिप्लोमा इन थिऑलॉजी' किंवा 'ग्रॅज्युएट इन थिऑलॉजी' म्हणजे जी.टीएच. असली नावं वापरत आलीत. ऐकायला पदवी, कागदावर पदवी नाही.

मग भारतात थिऑलॉजीची कायद्याने पक्की पदवी कोण देतं? प्रोटेस्टंट बाजूला त्याचं मुख्य उत्तर सेरामपूर. कोलकात्याच्या वर हुगळीकाठी आहे. १८१८ मध्ये विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी कॉलेज काढलं. तेव्हा ते गाव इंग्रजांचं नव्हतं, डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद दिली आणि त्या सनदेत पदव्या देण्याचा अधिकार दिला. म्हणजे बघा, मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याच्याही ३० वर्षं आधी. १८४५ मध्ये डेन लोकांनी गाव इंग्रजांना विकलं तेव्हा करारात ही सनद तशीच राखली गेली. प्रत्यक्ष थिऑलॉजीच्या पदव्या द्यायला मात्र १९१५ उजाडलं आणि मग १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने सेरामपूर कॉलेज ॲक्ट केला. तो प्रांतिक कायदा, म्हणून तो कलम २२ मध्ये बसतो. अजून एक गंमत, त्याच आवारात बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्या पोरांची पदवी कलकत्ता विद्यापीठाची असते आणि थिऑलॉजीवाल्यांची सेरामपूरची.

आणि मराठी माणसाने सेरामपूर परकं समजू नये हं. याच कॅरीने तिथून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश काढला, वैजनाथ नावाच्या पंडितांची मदत घेऊन. स्वतः हा माणूस इंग्लंडात चांभारकाम करायचा, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पुढे १८०७ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीने डी.डी. ही मानद पदवी दिली तेवढीच, आणि आज आम्ही त्याच्याच कॉलेजची पदवी आहे का म्हणून पोरांच्या फायली चाळतो.

सेरामपूरचा कारभार सिनेट बघतं आणि देशभरात त्यांची पन्नासच्या वर संलग्न कॉलेजं आहेत. पुण्यात बिबवेवाडीला यूबीएस म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली, तिथल्या पदव्या सेरामपूरच्या. अभ्यासक्रम सिनेट ठरवतं, पेपर सिनेटचे येतात, बंगलोरच्या आणि ईशान्येतल्या पोरालाही तोच पेपर, त्यामुळे आपल्या सरांनी मार्क वाढवले वगैरे फारसं चालत नाही. बारावीनंतर बी.टीएच. ४ वर्षं, बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ५ वर्षं, आधीच ग्रॅज्युएट असाल तर बी.डी. ४ वर्षं, त्यानंतर एम.टीएच., म्हणजे थिऑलॉजीची मास्टर्स. (बी.डी. वरून आठवलं, आमच्या आजीला कुणीतरी सांगितलं नातू बी.डी. करतोय, ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, आमचा नातू बीडला असतो.)

म्हणून पहिला प्रश्न त्या कॉलेजला हाच विचारायचा, पदवीच्या कागदावर कुणाचं नाव छापून येतं? सेरामपूर म्हणाले तर सिनेटच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का ते बघा. नुसतं नाव नाही, कोर्सही बघा. बी.टीएच.साठी संलग्न असलेलं कॉलेज बी.डी.साठी असेलच असं नाही, आणि एकाला मान्यता आहे म्हणून सगळ्या कोर्सवर तोच शिक्का मारून जाहिरात करणारे मी बघितलेत.

आता दुसरा मोठा प्रवाह, एटीए म्हणजे एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन. १९७० मध्ये इव्हँजेलिकल मंडळींनी सुरू केली, आशियाभर काम आहे. ही खरोखरची ॲक्रेडिटेशन देणारी संस्था आहे, दुकान नाही. तिच्या वर आयसीईटीई म्हणून जागतिक परिषद आहे, १९८० पासून, आफ्रिका, युरोप, लॅटिन अमेरिका सगळीकडच्या अशा संस्था तिथे एकत्र येतात आणि एकमेकांची मोजमापं ओळखतात. पण, आणि हा 'पण' तुमच्या बहिणीला नीट समजावून सांगा, एटीएच्या कॉलेजची पदवी ही यूजीसीच्या अर्थाने पदवी नाही. चर्चच्या जगात, मिशन संस्थांमध्ये, परदेशातल्या बऱ्याच सेमिनरींमध्ये तिला मान आहे, बंगलोरची साइयाक्स नावाची सेमिनरी याच परंपरेतली आणि अभ्यासाच्या बाबतीत कुणाच्या मागे नाही. पण पुणे विद्यापीठात एम.ए.ला किंवा स्पर्धा परीक्षेच्या फॉर्ममध्ये 'पदवीधर' या रकान्यात ती टाकायला गेलात तर अडकाल. यात त्या कॉलेजची फसवणूक नसते, ते दारच वेगळं असतं. फसवणूक तेव्हा होते जेव्हा ॲडमिशनच्या वेळी हे कुणी सांगत नाही. नॅकचंही तसंच, ते १९९४ पासून आहे पण ते यूजीसीच्या छत्राखालच्या कॉलेजांसाठी, स्वतंत्र बायबल कॉलेजकडे नॅक नाही म्हणून लगेच ते बोगस ठरवू नका.

ॲक्रेडिटेशन खरंच कसं होतं हे लोकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो, यातनं तुम्हाला कॉलेज बघायची नजरही येईल. आधी अर्ज. मग कॉलेजने स्वतःच स्वतःचं मूल्यमापन लिहायचं, त्याला सेल्फ-स्टडी म्हणतात, वर्ष वर्ष चालतं आणि शंभर-दोनशे पानं होतात. आपण कशासाठी आहोत, काय शिकवतो, पोरं पुढे कुठे गेली, पैसा कुठून येतो, सगळं. मग तीन-चार जणांची टीम येते, दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापक, प्राचार्य, एखादा माझ्यासारखा कारकुनी डोक्याचा. दोन-तीन दिवस राहते आणि तो अहवाल हातात घेऊन पान पान पडताळते.

मी कायम लायब्ररीतून सुरुवात करायचो. किती पुस्तकं हे विचारायचं नाही, तो आकडा कुणीही सांगतं. दाखलपुस्तक मागायचं, म्हणजे ॲक्सेशन रजिस्टर, आणि शेवटची दोन पानं बघायची, गेल्या दोन वर्षांत नवीन काय घेतलं. मग कपाटातलं एखादं जाडजूड भाष्य काढून मागची तारखेची स्लिप बघायची. एका ठिकाणी ग्रंथपालांनी मोठ्या अभिमानाने हॉल दाखवला, छतापर्यंत कपाटं, आणि मी ओळीने सात पुस्तकं काढली, सातही स्लिपा कोऱ्या. परदेशातल्या कुठल्यातरी चर्चने जुनी पुस्तकं कंटेनर भरून पाठवलेली, एकाच पुस्तकाच्या नऊ-नऊ प्रती, आणि मराठीतलं एक पुस्तक नाही, पोरं मात्र सगळी औरंगाबाद, जालना, नगरकडची. ग्रंथपाल बिचारे भले होते, म्हणाले सर, पोरं नोट्सच वाचतात. त्या एका वाक्यात आमचा अर्धा रिपोर्ट झाला.

दुसरी फाइल शिक्षकांची. जो ज्या पातळीचं शिकवतो त्याच्या वरची पदवी त्याच्याकडे हवी हा सर्वसाधारण नियम, म्हणजे बी.टीएच.च्या वर्गावर निदान एम.टीएच. झालेला माणूस. आणि ती पदवी कुठली, तीच पुन्हा बघायची, कारण काही ठिकाणी कॉलेजने आपल्याच मास्तरांना आपल्याच पदव्या वाटलेल्या असतात. प्राचार्यांचा मुलगा, सून, मेहुणा हे तिघंही फॅकल्टीत, हे तर इतक्या वेळा बघितलंय की मोजायचं सोडून दिलं. तिसरं, पोरांशी बंद खोलीत बोलायचं, एकही शिक्षक नको. पहिली दहा मिनिटं सगळे 'देवाच्या कृपेने सगळं चांगलं आहे' म्हणतात, मग कुणीतरी मेसच्या डाळीवरून सुरू होतो, आणि डाळीवरून गाडी कधी परीक्षेवर येते कळत नाही. पेपर कोण काढतं, कोण तपासतं, नापास झालेला कुणी आहे का? ज्या कॉलेजात गेल्या पाच वर्षांत कुणीच नापास नाही तिथे मला जास्त काळजी वाटायची.

शेवटी टीम आपलं म्हणणं लिहून देते, काय चांगलं, काय सुधारा, आणि निर्णय टीम घेत नाही, वरचं कमिशन घेतं. मिळालं तरी कायमचं नसतं, ठराविक वर्षांचं असतं, मध्ये अहवाल पाठवत राहायचे, मुदत संपली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून 'ॲक्रेडिटेड' असं कुणी म्हटलं की लगेच विचारा, कधीपर्यंत? आणि अर्ज केलेला, उमेदवार म्हणून घेतलेला आणि मान्यता मिळालेला हे तीन वेगळे टप्पे आहेत. अर्जाची पोच दाखवून 'ॲक्रेडिटेशन प्रोसेसमध्ये आहे' सांगणं हे सगळ्यात जास्त चालतं. लग्नाची बोलणी चालू आहेत म्हणजे लग्न झालं का?

कॅथलिक बाजू पूर्ण वेगळी, तुमच्या प्रश्नात ती नाही तरी पुण्यात आहोत म्हणून दोन ओळी. नगर रोडला रामवाडीजवळ ज्ञानदीप ही कॅथलिक धर्मशिक्षणाची संस्था आहे, त्याच्याशी जोडलेली पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. तिथल्या चर्चच्या पदव्यांचा अधिकार थेट रोमकडून येतो, व्हॅटिकनचे स्वतःचे शिक्षणाचे नियम आहेत आणि गुणवत्ता तपासायला २००७ पासून अव्हेप्रो नावाची स्वतंत्र एजन्सीही आहे. जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांत ती पदवी बिनबोभाट चालते. पण तेही चर्चचंच दार आहे, म्हणून तिथले बरेच जण बी.ए. वेगळी करून ठेवतात. ॲडव्हेंटिस्ट लोकांचं स्पायसर, औंधजवळचं, २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने विद्यापीठ झालंय, त्यामुळे तिथे हिशोब सरळ राज्याच्या खाजगी विद्यापीठाचा.

आता तुमच्या माहितीपत्रकातलं 'इंटरनॅशनली ॲक्रेडिटेड'. बहुतेक वेळा याचा अर्थ अमेरिका. अमेरिकेत सरकार स्वतः कुठल्याच कॉलेजला ॲक्रेडिट करत नाही. ते काम खाजगी संस्था करतात आणि सरकारचं शिक्षण खातं त्या संस्थांना ओळख देतं, शिवाय सीएचईए म्हणून एक बिगरसरकारी परिषद आहे, १९९६ पासून, ती पण देते. सेमिनरींसाठी एटीएस, तिची सुरुवात १९१८ ची, ती फक्त पदवीनंतरच्या कोर्सचं बघते, एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) आणि त्याच्या वर. बायबल कॉलेजांसाठी एबीएचई, १९४७ ची. आणि ट्रॅक्स, १९७९ ची. या तिन्हींना तिथल्या शिक्षण खात्याची ओळख आहे. म्हणजे प्रश्न एक पायरी वर न्यायचा, ज्याने कॉलेजला पास केलं त्याला कुणी पास केलं? कारण तिथे ॲक्रेडिटेशनचीसुद्धा दुकानं आहेत, एक वेबसाइट, एक भारदस्त नाव, त्यात 'वर्ल्ड', 'ग्लोबल', 'कौन्सिल', 'कमिशन' यातले दोन-तीन शब्द, फी भरा, सर्टिफिकेट घ्या. नावं मुद्दाम खऱ्या संस्थेच्या जवळ जाणारी ठेवतात. शिक्षण खात्याची आणि सीएचईएची यादी इंटरनेटवर फुकट आहे, नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

त्यात आणखी एक पळवाट. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत फक्त धार्मिक पदव्या देणाऱ्या संस्थेला राज्याच्या लायसन्समधून सूट मिळते. टेक्सासमध्ये तर २००७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सेमिनरीने कुठली धार्मिक पदवी द्यावी आणि स्वतःला सेमिनरी म्हणावं का, हे राज्याने ठरवायचं नाही. धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने निकाल मला पटतो. पण सूट म्हणजे तपासणी नाही. आपल्याकडे येताना तो कागद 'ऑथराइज्ड बाय द स्टेट ऑफ अमुक' असा होऊन येतो आणि फ्रेम करून प्राचार्यांच्या खुर्चीमागे लागतो. याच दुकानांतून मानद डॉक्टरेटही येते, हॉटेलचा हॉल, भाड्याचे गाऊन, फोटो, आणि दुसऱ्या रविवारपासून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या बोर्डावर पाळकसाहेबांच्या नावामागे 'डॉ.'. मी अशा एका समारंभाला चुकून गेलो होतो, जेवण छान होतं, चौदा जण डॉक्टर होऊन बाहेर पडले.

मी हे सगळं एवढं कळकळीने का लिहितोय, तर मी स्वतः तीन वर्षं घालवलीत. बारावीनंतर एका छोट्या बायबल कॉलेजात जी.टीएच. केलं, नाव घेत नाही, तिथले शिक्षक प्रेमळ होते आणि ग्रीकची गोडी मला तिथेच लागली. पास झालो, फाइल घेऊन पुढे बी.डी.ला गेलो, तिथल्या रजिस्ट्रारांनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, बारावीचं मार्कलिस्ट आणलंय का? मला वाटलं विसरलेत, म्हटलं सर हे जी.टीएच.चं. ते म्हणाले, ते राहू दे, बारावीचं दे. म्हणजे त्यांच्या लेखी मी अजून बारावीच होतो. पहिल्या वर्षाला बसलो, शेजारी माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान पोरं. कुणी खोटं बोललं नव्हतं मला, फक्त मी विचारलं नव्हतं आणि कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. पुढे मी त्याच प्रकारच्या खुर्चीत बसलो आणि तोच प्रश्न पोरांना विचारायची वेळ आली तेव्हा निदान आधी चहा पाजायचो.

आता भाच्याचं. पहिलं, तो ज्या मंडळीत सेवा करणार, तिच्या ऑफिसात जाऊन विचारा की पाळक म्हणून दीक्षा द्यायला कुठली पदवी धरता. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो, मेथडिस्ट असो, निर्णय त्यांचा असतो, बऱ्याच जुन्या मुख्य मंडळ्यांत सेरामपूरचीच विचारणा होते. स्वतंत्र मंडळी असेल, पेंटेकोस्टल वगैरे, तर कदाचित पदवीच विचारणार नाहीत, तिथे अभ्यास चांगला आहे का हा खरा प्रश्न, आणि विनामान्यतेचं पण मनापासून शिकवणारं कॉलेजसुद्धा चालून जाईल, मला त्यात कमीपणा वाटत नाही. गावोगाव फिरून सेवा करणारे कितीतरी लोक सहा महिन्यांच्या मराठी कोर्सवर तयार झालेत आणि आमच्या एम.टीएच.वाल्यांपेक्षा बरं प्रवचन देतात.

दुसरं, पुढे शिकायचंय का? सेरामपूरच्या एम.टीएच.ला सेरामपूरची बी.डी. किंवा ते समतुल्य मानतात अशी पदवी लागते. अमेरिकेत जायचं मनात असेल तर एम.डिव्ह.साठी त्यांना आधी ओळखीची बॅचलर पदवी हवी असते, बाहेरच्या एजन्सीकडून कागद तपासून घेतात, आणि तिथे पहिला प्रश्न असतो की ही संस्था तिच्या देशात पदवी द्यायला अधिकृत आहे का. एटीएची पदवी काही सेमिनरी आपल्या अधिकारात घेतात, पण ती ज्या सेमिनरीला अर्ज करणार तिच्याकडून ई-मेलवर लेखी घ्या, तोंडी नको.

तिसरं, बहिणीची भीती, म्हणजे उद्या नोकरीच करावी लागली तर. यावर माझा गेली काही वर्षं एकच सल्ला आहे. थिऑलॉजी कुठेही करो, सोबत मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून घ्यायला लावा, नाशिकचं यशवंतराव चव्हाण किंवा इग्नू. एकाच वेळी दोन कोर्स करायला यूजीसीने २०२२ पासून परवानगी दिली आहे, तेव्हा लपवाछपवीची गरज नाही. विषय मराठी, इतिहास, समाजशास्त्र काहीही, फी झेपण्यासारखी असते. हो, पोराची ओढाताण होईल, परीक्षा एकमेकांवर येतील, पण सरकारी फॉर्ममधला तो रकाना भरायला तो कागद पुरतो, आणि आईला रात्री झोप लागते. आमच्याकडून हे करून गेलेला एक मुलगा आज शाळेत शिक्षक आहे आणि रविवारी उपासना चालवतो.

आणि इंग्रजी, राहिलंच. बहुतेक चांगल्या ठिकाणी शिकवणं आणि पेपर इंग्रजीत, मराठी माध्यमाची पोरं पहिल्या वर्षात तिथेच गळतात, बुद्धी कमी म्हणून नाही. जूनपर्यंत वेळ आहे तर रोज एक पान इंग्रजी बायबल मोठ्याने वाचायला लावा, आणि मराठी शेजारी ठेवून ताडून बघायला सांगा.

राहिले ते १०,०००. आधी पावती काढून बघा, त्यावर ट्रस्टचं नाव आहे का कॉलेजचं, आणि पैसे कशाचे लिहिलेत, फी, डोनेशन का नुसतं 'ॲडव्हान्स'. डोनेशन लिहिलं असेल तर परत मिळणं अवघड. फी लिहिली असेल तर एक साधं पत्र द्या, त्यात तीनच गोष्टी विचारा, पदवी कुणाच्या नावाने, मान्यता कुणाची आणि कधीपर्यंत, उत्तर लेटरहेडवर सहीशिक्क्याने द्या, आणि उत्तर पटलं नाही तर पैसे परत हवेत असंही त्यातच लिहा. चांगलं कॉलेज आठवड्यात उत्तर देतं, आम्ही तर छापील उत्तरच ठेवलेलं असायचं. पत्राची पोच घ्यायला विसरू नका, आणि पावतीच दिली नसेल तर उद्या सकाळी आधी तीच मागून आणा.